लॅपटॉपच्या माहितीत वाय-फाय कार्डाचा तपशीलही छापा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वृत्तपत्रात नव्या लॅपटॉपची ओळख येते ती मी आवर्जून वाचते. प्रोसेसर कोणत्या पिढीचा, रॅम किती, एसएसडी किती, पडदा किती इंची, बॅटरी किती तास चालते, हे सगळे त्यात नीट दिलेले असते. वाय-फायबद्दल मात्र 'आहे' यापलीकडे काही नसते. कोणते कार्ड (लॅपटॉपमधला वाय-फाय पकडणारा भाग) आहे, त्याला किती अँटेना आहेत, ते कोणते बँड (२.४ किंवा ५ गिगाहर्ट्झ असे लहरींचे पट्टे) पकडते, यातले काहीच नाही. ही माहिती छापायला एक ओळ पुरते आणि ती न मिळाल्यामुळे लोकांचे किती नुकसान होते हे मी जवळून पाहिले आहे, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

मी एका महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत साहाय्यक होते. संगणकात नेटवर्क कार्ड बसवणे, ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय पसरवणारे खोके) लावणे, केबल ओढून तिच्या टोकांना कनेक्टर दाबणे हेच माझे रोजचे काम होते. निवृत्त झाल्यावरही ओळखीचे लोक बोलावतात आणि तक्रार बहुतेक वेळा एकच असते: 'नेट फार स्लो आहे.' मी पोहोचेपर्यंत त्यांनी इंटरनेटचा मोठा प्लॅन घेतलेला असतो. त्याने फरक पडला नाही म्हणून सहा-आठ अँटेनांचे मोठे खोकेही आणलेले असते. लॅपटॉपमधल्या कार्डाकडे मात्र कोणी ढुंकूनही पाहिलेले नसते. वायरलेस जोडणीला दोन टोके असतात आणि वेग ठरतो तो दोघांपैकी कमी क्षमतेच्या टोकावर. छतावर कितीही भारी ॲक्सेस पॉइंट लावला, तरी समोरच्या कार्डाला जे येत नाही ते त्याच्याकडून करून घेता येत नाही.

कार्डा-कार्डांतला फरक केवढा आहे ते आकड्यांवरून लगेच कळते. वायरलेस नेटवर्कचे ८०२.११ हे मानक १९९७ साली आले, तेव्हा कमाल वेग सेकंदाला २ मेगाबिट होता. २.४ गिगाहर्ट्झवर तो १९९९ मध्ये ११ झाला, २००३ मध्ये ५४ झाला. २००९ च्या ८०२.११ एन पासून एकापेक्षा जास्त अँटेनांवरून वेगवेगळी माहिती एकाच वेळी पाठवता येऊ लागली. त्यालाच आता वाय-फाय ४ म्हणतात. २०१३ चे एसी म्हणजे वाय-फाय ५, २०२१ चे एएक्स म्हणजे वाय-फाय ६. फक्त २.४ गिगाहर्ट्झ पकडणारे, एकाच अँटेनाचे एन कार्ड २० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनेलवर (बँडच्या एका तुकड्यावर) फार तर ७२ मेगाबिटने जोडले जाते. कामाला त्यातले चाळीस-पन्नास मिळाले तरी नशीब, कारण हवेत एका वेळी एकानेच बोलायचे असते आणि पोच देण्यातही वेळ जातो. दोन अँटेनांचे एसी कार्ड ८० मेगाहर्ट्झवर ८६७ ने जोडले जाते, तसेच एएक्स कार्ड १,२०१ ने. हे कागदावरचे कमाल आकडे आहेत हे खरे, पण ७२ आणि १,२०१ या दोघांनाही आपण एकाच शब्दात गुंडाळतो, यावर माझा आक्षेप आहे. बाजारात वाय-फाय ५ चांगले रुळल्यावरही स्वस्त लॅपटॉपमध्ये कित्येक वर्षे ती ७२ वाली कार्डे येत राहिली. घेणाऱ्याला ते कळायला काही मार्गच नव्हता.

बरे, कमी क्षमतेच्या कार्डाचा त्रास त्या एकाच माणसाला होतो असेही नाही. एका चॅनेलवरची सगळी यंत्रे हवा वाटून घेतात. बोलण्याआधी प्रत्येक जण कानोसा घेतो, कोणी बोलत असेल तर थांबतो. आता १,५०० बाइटचे एक पॅकेट (माहितीचा एक तुकडा) ५४ मेगाबिटने पाठवायला साधारण ०.२२ मिलिसेकंद लागतात. तेच पॅकेट १ मेगाबिटने पाठवायचे तर १२ मिलिसेकंद. म्हणजे एक रेंगाळणारे कार्ड एका पॅकेटसाठी जेवढी हवा अडवून धरते, तेवढ्यात दुसऱ्याची पन्नासहून जास्त पॅकेटे निघून गेली असती. त्याचे होईपर्यंत बाकीचे सगळे ताटकळत बसतात.

आमच्या प्रयोगशाळेत हेच झाले होते. खोलीतल्या सगळ्यांचे नेट अधूनमधून रखडायचे आणि ॲक्सेस पॉइंट बदलावा असे ठरत आले होते. मी ॲक्सेस पॉइंटच्या पानावर जोडलेल्या यंत्रांची यादी उघडली. प्रत्येक यंत्रासमोर सिग्नल आणि वेग लिहिलेला असतो. बहुतेकांचा सिग्नल उणे ५० च्या आसपास होता, कोपऱ्यातल्या एका संगणकाचा उणे ८० च्याही खाली. आकड्यांत फरक तिसाचाच दिसतो, पण ही मोजणी लॉगॅरिदमिक आहे. दर दहाला शक्ती दहा पटींनी घटते, म्हणजे तिसाला हजार पटींनी. तो संगणक १-२ मेगाबिटवर घुटमळत होता. त्याचे यूएसबी कार्ड मागच्या पोर्टमध्ये, म्हणजे लोखंडी कॅबिनेट आणि भिंत यांच्या मध्ये खोचलेले होते. शेजारच्याच यूएसबी ३.० पोर्टमध्ये बाहेरची हार्ड डिस्क होती. यूएसबी ३.० च्या जोडणीतून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट पसरतो, यावर इंटेलने २०१२ मध्येच सविस्तर लिहिले आहे. मी एक यूएसबी एक्स्टेंशन लावून ते कार्ड टेबलावर मोकळ्या जागी आणले आणि हार्ड डिस्क दुसऱ्या बाजूच्या पोर्टमध्ये हलवली. त्या संगणकाचा वेग तर वाढलाच, पण सगळ्या खोलीचे रखडणेही थांबले. ॲक्सेस पॉइंट तोच राहिला.

यावरून मी एक क्रम पाळते आणि इतरांनाही तोच सांगते: आधी कार्ड पाहावे, मग ॲक्सेस पॉइंटला हात लावावा. विंडोजमध्ये जोडलेल्या वाय-फायचे गुणधर्म उघडले की प्रोटोकॉल, बँड, जोडणीचा वेग आणि कार्डाचे नाव असे सगळे एकाच पानावर दिसते. कोणतेही उपकरण उघडावे लागत नाही. मिनिटभराचे काम आहे.

कार्ड अगदीच जुने निघाले तर बहुतेक वेळा ते बदलता येते, हेही लोकांना माहीत नसते. टॉवर संगणकात तर हे फारच सोपे आहे. प्लग काढायचा, पॉवरचे बटण एकदा दाबून उरलासुरला विद्युतभार जाऊ द्यायचा, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज घालवायची आणि मगच कार्ड हातात घ्यायचे. पीसीआय एक्स्प्रेसच्या सर्वांत छोट्या खाचेत ते बसते, मोठ्या खाचेतही चालते. कार्डासोबत ब्लूटूथही असेल तर एक बारीक वायर मदरबोर्डवरच्या यूएसबीच्या पिनांना जोडावी लागते. ती राहून गेली की वाय-फाय चालते आणि ब्लूटूथ दिसतच नाही, मग लोक कार्ड खराब म्हणून परत करतात. अँटेना थेट कार्डाच्या मागे लावण्याऐवजी वायरच्या टोकाला असलेली मिळाली तर तीच घ्यावी, म्हणजे ती कॅबिनेटच्या आडोशातून बाहेर काढता येते. आणि ड्रायव्हर आधीच पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवावा. नवे कार्ड चालायला ड्रायव्हर हवा, ड्रायव्हर आणायला नेट हवे आणि नेटला ते कार्ड हवे, या चक्रात पुष्कळ जण अडकतात. तशी वेळ आलीच तर फोन यूएसबी वायरने संगणकाला जोडून फोनचे नेट वापरता येते.

लॅपटॉपचे काम नाजूक आहे. एम.२ नावाच्या छोट्या खाचेतले कार्ड एका स्क्रूवर धरलेले असते आणि त्यावर अँटेनाच्या दोन बारीक वायरी दाबून बसवलेल्या असतात. त्यांची टोके इतकी लहान असतात की तिरका जोर दिला तर चेपतात. वरून सरळ दाबावे लागते. पण त्याआधीचा प्रश्न असा, की त्या लॅपटॉपमधले कार्ड निघते का? काहींत ते मदरबोर्डवरच सोल्डर केलेले असते. काही कंपन्यांच्या बायोसमध्ये (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीत) मान्य कार्डांची यादी असते आणि यादीबाहेरचे कार्ड बसवले तर यंत्र सुरूच होत नाही. शिवाय इंटेलची एएक्स२०० आणि एएक्स२०१ ही दोन कार्डे घ्या. आकार तोच, खाच तीच, पण २०० सर्वसाधारण पीसीआय एक्स्प्रेसवर चालते आणि २०१ ला इंटेलच्याच ठरावीक पिढ्यांचे प्रोसेसर लागतात, कारण कार्डाचे निम्मे काम तिथे होते. घेण्याआधीच हे कळले असते तर माणसाने निवड वेगळी केली असती. म्हणून कार्ड कोणते, एवढे सांगून भागत नाही, ते बदलता येते की नाही हेही सांगायला हवे.

आता ॲक्सेस पॉइंटकडे वळते. त्याच्याही बहुतेक सेटिंगचा निर्णय समोरची कार्डे पाहूनच घ्यावा लागतो. एका ओळखीच्या घरी लॅपटॉप चांगला होता, ॲक्सेस पॉइंट नवा होता, दोघे एकाच खोलीत होते आणि जोडणी ५४ मेगाबिटच्या वर जात नव्हती. प्लॅन वाढवून झाला होता. मी सुरक्षेचे पान उघडले, तर ज्याने खोके लावून दिले त्याने कूटलेखन (हवेतली माहिती गुप्त ठेवण्याची पद्धत) टीकेआयपी या जुन्या प्रकारावर ठेवलेले. टीकेआयपी किंवा त्याहून जुनी डब्ल्यूईपी पद्धत निवडली की ८०२.११ एन आणि पुढचे वेग वापरायला मानकातच मनाई आहे, जोडणी २००३ सालच्या वेगावर जाऊन बसते. डब्ल्यूपीए२ आणि एईएस ही नंतरची पद्धत निवडल्याबरोबर तोच लॅपटॉप कितीतरी पट वेगाने जोडला गेला. त्या घरातल्या आजोबांनी विचारले, 'मग आम्ही इतके दिवस पैसे कशाचे भरत होतो?' त्यांना द्यायला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नव्हते.

याच्या उलटही होते. कोणी वाचलेले असते की डब्ल्यूपीए३ सर्वांत सुरक्षित, आणि ते खरेही आहे, ते २०१८ मध्ये आले आणि जुन्या पद्धतीतल्या काही उणिवा त्याने दूर केल्या. पण फक्त डब्ल्यूपीए३ ठेवले की जुनी कार्डे जोडलीच जात नाहीत, पासवर्ड बरोबर असूनही. त्यासाठी डब्ल्यूपीए२ आणि ३ दोन्ही एकत्र चालवणारा पर्याय असतो, तो ठेवावा. चॅनेलचेही तसेच. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत, त्यामुळे यांतलाच एक घ्यावा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवावी. १२ किंवा १३ रिकामे दिसतात म्हणून निवडले, तर ज्या कार्डांना ते चॅनेल वर्ज्य ठेवले आहेत त्यांना नेटवर्कचे नावही दिसणार नाही. ५ गिगाहर्ट्झच्या काही चॅनेलांवर हवामान आणि इतर रडार चालतात. तिथे ॲक्सेस पॉइंटला सुरू होताना आधी किमान १ मिनिट गप्प राहून रडार आहे का ते ऐकावे लागते. तेवढ्या वेळात नाव दिसत नाही म्हणून घाबरलेले लोक खोके पुन्हा बंद-चालू करतात आणि ते बिचारे पुन्हा पहिल्यापासून ऐकत बसते.

जागेबद्दल थोडेच सांगते. उंच, मोकळी आणि जिथे काम करायचे त्याच्या जवळची जागा हवी. लोखंडी कपाट, आरसा, पाण्याची टाकी यांच्या आड नको. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालते, त्यापासून लांब ठेवावे. ५ गिगाहर्ट्झला वेग जास्त असला तरी भिंती ओलांडताना ते लवकर दमते.

लांबच्या खोलीसाठी दुसरे खोके ॲक्सेस पॉइंट म्हणून लावताना मात्र हमखास गोंधळ होतो, म्हणून ते नीट लिहिते. ते खोके मुळात राउटर असेल तर त्यातले डीएचसीपी बंद करावे, म्हणजे संगणकांना पत्ते वाटण्याचे काम एकाच ठिकाणी राहते. त्याचा स्वतःचा पत्ता पहिल्या राउटरच्याच मालिकेतला, पण वेगळा ठेवावा. पहिला १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्यावा आणि तो आकडा वाटपाच्या यादीतून वगळावा. पहिल्याकडून येणारी केबल याच्या लॅन पोर्टमध्ये (घरातल्या यंत्रांसाठीच्या) लावावी, वॅनमध्ये (बाहेरून येणाऱ्या इंटरनेटसाठीच्या) नाही. एवढे केले की दोन्ही खोल्यांतली यंत्रे एकाच नेटवर्कमध्ये येतात आणि एका खोलीतला प्रिंटर दुसऱ्या खोलीतून दिसतो. संगणकाला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळाला तर समजावे की त्याला पत्ता देणारे कोणीच सापडले नाही. वाय-फायची खूण पूर्ण भरलेली दिसली तरी. आणि ती केबल तपासावी. केबलमध्ये आठ तारा असतात. १,००० मेगाबिटसाठी आठही लागतात, १०० साठी चारच पुरतात. उरलेल्या चारांपैकी एखादी तार नीट दाबली गेली नाही तर जोडणी तुटत नाही, मुकाट्याने १०० वर येते. दिवे लुकलुकत राहतात आणि कोणाला संशयही येत नाही.

जागचा न हलणारा संगणक असेल तर मी अजूनही केबलच सुचवते. कॅट ५ई प्रकारच्या केबलवर १०० मीटरपर्यंत १,००० मेगाबिट निर्धास्त मिळतात, शिवाय तेवढी हवा बाकीच्यांसाठी मोकळी राहते. पण इथेही तीच अडचण. कित्येक स्वस्त यंत्रांत वायरचे पोर्ट १०० मेगाबिटचेच असते आणि माहितीत लिहितात 'लॅन पोर्ट: आहे'.

सुरक्षेबाबत इतकेच, की खोक्याच्या सेटिंगचा मूळचा पासवर्ड बदलावा, डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी बटणाने किंवा आकड्याने जोडण्याची सोय) बंद करावे आणि नेटवर्कचे नाव लपवून आपण सुरक्षित झालो असे समजू नये. डब्ल्यूपीएसचा आकडा आठ अंकी दिसतो, पण तो दोन तुकड्यांत तपासला जातो. त्यामुळे सुमारे ११,००० प्रयत्नांत तो हाती लागतो, हे २०११ मध्येच उघड झाले आहे. अपडेटही दोन्ही टोकांना लागतात. २०१७ मध्ये मॅथी व्हानहूफ या बेल्जियमच्या संशोधकाने डब्ल्यूपीए२ मधली मोठी त्रुटी दाखवली, तेव्हा दुरुस्ती मुख्यतः लॅपटॉप आणि फोनच्या बाजूने करावी लागली. राउटर अद्ययावत करून स्वस्थ बसलेल्यांचे संगणक तसेच उघडे राहिले.

म्हणून संपादक महोदय, माझी विनंती अशी आहे. आपल्या पानावर लॅपटॉपची किंवा संगणकाची माहिती येईल तेव्हा रॅम आणि एसएसडीच्या ओळीखाली आणखी एक ओळ असावी: कार्डाचे नाव, वाय-फायची पिढी, बँड, अँटेना एक की दोन, कार्ड बदलता येते की सोल्डर केलेले आहे, आणि वायरचे पोर्ट असल्यास त्याचा वेग. कंपनीने ही माहिती दिली नसेल तर 'कंपनीने माहिती दिलेली नाही' असे स्पष्ट छापावे. ते दोन-तीनदा छापून आले की कंपन्या आपणहून देऊ लागतील. वाचकांनीही दुकानात हाच प्रश्न विचारावा आणि दुकानात ठेवलेल्या चालू यंत्रावर वाय-फायचे पान उघडून दाखवायला सांगावे.

जागेअभावी सगळे छापणे शक्य नसेल तर निदान कार्डाचे पूर्ण नाव तरी द्यावे. ते हाती असले की बाकीचा तपशील वाचकाला कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर सापडतो.

आपली नियमित वाचक,
संगणक प्रयोगशाळेतील निवृत्त साहाय्यक